मंजनाचे डबे

सोलापूर,
६ जानेवारी १९७९

प्रिय जगदेवी,

दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणून हे तिसरं. मी किती चिवट आहे हे शेजारच्या खोलीत राहून तुला कळलंच आहे, तेव्हा गुपचूप वाच. इकडे तुझ्या घरी चन्नप्पा भावजी बरे आहेत. गिरणीतली पहिली पाळी करून येतात आणि स्वतः भाकरी थापतात. कडेला जाड, मध्ये भोक. मी कालवण देते ते मुकाट्यानं घेतात, आणि कुर्डुवाडीहून तुझं काही कळलं का विचारलं की स्टोव्हला पंप मारत बसतात.

तू माहेरी निघून गेलीस, त्यानंतर त्या मंजनाच्या कंपनीचा साहेब कुणाला दिसला नाही. कोट घालून, सगळ्यांना भगिनी म्हणत, त्यानं भाड्याच्या हॉलमध्ये किती सुरेख समजावलं होतं. मंजनाची एक पेटी घ्या, तीन बायका जोडा, त्या आणखी तिघी तिघी जोडतील आणि घरबसल्या शिलाई मशीन येईल. जी नको म्हणेल तिला तुमचं भलं बघवत नाही, असंही शिकवून गेला. मला राग आहे तो त्या वाक्याचा. चाळीतल्या साऱ्याच विकणाऱ्या झाल्या, घेणारी कुणी उरलीच नाही. हे असं होणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. पैसे गेले ते गेले, पण नंतर कुणी वाटीभर साखर मागायला आलं तरी आतून कडी लागायची. आली असेल डबे गळ्यात मारायला, असं वाटायचं. गेल्या संक्रांतीला तुझ्याकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर बायका आधी विचारायच्या, तिथं पेट्या मांडल्यात का म्हणून. शेवटी कुणी कुणाकडे गेलंच नाही.

चाळीत पहिली पेटी तू आणलीस, म्हणून तू आम्हाला बुडवलंस असं तुझ्या डोक्यात बसलंय. अगं, आम्ही काय कुकुली बाळं होतो? मशीन आलं की कुणाची पोलकी आधी शिवायची यावरून नळावर भांडणारी मीच ना? आणि तुझ्या पाटल्याही त्यातच गेल्या, ते आम्हाला दिसत होतं. बोललं कुणी नाही, एवढंच.

आता म्हाळसाबाईचं ऐक. नळावर सगळ्यांदेखत ती तुला चोरटी म्हणाली ते तू विसरली नसशील, मीही नाही. दिवाळीच्या तोंडावर मंजनानं तिच्या हिरड्यांची आग झाली, तेव्हा चिडून तिनं ते देवापुढच्या समईला फासलं. पुसते तर समई लखलखीत. तेव्हापासून चाळभर समया, तांबे, घंगाळं त्याच मंजनानं घासतात, आणि जिचा डबा संपला ती दुसरीच्या दारात जाते. दारं पुन्हा उघडी असतात, जगदेवी. परवा ती मला म्हणाली, "जगीला लिव की. दातांचं काय खरं न्हाय, पर भांडी लई झ्याक निगत्यात." तिच्याकडून माफी म्हणून एवढीच मिळेल, घे.

असल्या साखळ्यांवर सरकारनं बंदी घातल्याचं वर्तमानपत्रात आलंय. बरं झालं. पण ते कळवायला काही मी हे पत्र लिहिलेलं नाही. यंदा चाळीत हळदीकुंकू करायचं ठरलंय आणि पहिलं तुझ्या घरी. "तिच्या दारात बंद पडलं, तितनंच चालू करू," हेही म्हाळसाबाईनंच काढलं. भावजींनी भिंतींना चुना दिलाय, कोपऱ्यात ओघळ आलेत, ते बघून हसू नकोस. तिळगूळ आम्ही करतोय. वाण म्हणून उरलेले डबे लुटायचे, फुकट. पण घरची बाई नसेल तर कुंकू कोण लावणार? संक्रांतीच्या आदल्या दिवशी भावजींनी रजा घेतलीय. कुर्डुवाडीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते स्टेशनवर उभे राहणार आहेत. ते स्वतः सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगते. डबे विकायला न्यायचीस ती मोठी पिशवी आणू नकोस. रिकाम्या हातानं ये.

तुझीच, भिंतीपलीकडची
मुक्ता