ओहायोचं इलेक्शन आणि माझं मार्गदर्शन

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार
साडू सुनील सकाळीच पेढे घेऊन हजर. त्याची मुलगी निकिता अमेरिकेत नगरसेवकपदाला उभी आहे, ओहायोतल्या कुठल्याशा छोट्या शहरात. लग्न करून गेली, गेल्या वर्षी तिकडची नागरिक झाली, आणि लगेच उमेदवार! अजून निवडून आली नाही, तरी पेढे. मला हेवा वगैरे अजिबात वाटत नाही. तीस वर्षं राहुरीत नागरिकशास्त्र शिकवलं. निकिताही माझीच विद्यार्थिनी. म्हणजे तत्त्वतः उमेदवार माझाच. पेढ्यांत साखर फार होती.
संकल्प: तिला रोज एक सूचना पाठवायची.

१५ ऑक्टोबर
सूचना क्र. १ ते ९ पाठवल्या. उत्तर आलं: हात जोडलेला इमोजी. एकच.
सुनीलच्या दूध डेअरीवर तिचा फ्लेक्स लागलाय. विचारलं, इथली माणसं तिकडं मत देणार आहेत का? म्हणाला, "न्हाई सर, पन बघतील तर."

१९ ऑक्टोबर
निकिताचा फोन. समोरचा उमेदवार म्हणजे गावातल्या निम्म्या भाड्याच्या घरांचा मालक. भाडेकरूंच्या अंगणात त्याच्याच प्रचाराचा बोर्ड. नको म्हटलं तर घर सोडायची पाळी. ही प्रचाराला गेली की लोक मागच्या दाराशी बोलावतात आणि हळूच सांगतात, मत तुलाच, पण तुझा बोर्ड नको.
ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं.
कारखान्याच्या इलेक्शनात विरोधात गेलं की ऊसतोड उशिरा येते, तसलाच प्रकार. तिला स्पष्ट सांगितलं, तिकडची लोकशाही श्रीमंतांच्या खिशात आहे, माघार घे. म्हणाली, "काका, म्हणूनच तर उभी राहिले."
शाळेतही अशीच उलट उत्तरं द्यायची.

२६ ऑक्टोबर, रविवार
वाचनालयात माझं व्याख्यान: 'अमेरिकेतील सत्ता आणि विषमता'. दोनशे खुर्च्या सांगणार होतो, संयम ठेवून चाळीस सांगितल्या. आले सात. प्रश्न पाच. पाचही निकिताबद्दल. एकानं विचारलं, तिला व्हिडिओवर कधी घेताय?

४ नोव्हेंबर
तिकडं मतदान. बायकोनं, रतननं, भाचीसाठी कडक उपास धरलाय. मी दोनदा जेवलो. तटस्थ निरीक्षकानं अशक्त राहून चालत नाही.

५ नोव्हेंबर, दुपारी १२
निकिता एकतीस मतांनी पडली.
आरशात चेहरा गंभीर करून पाहिला. दुसऱ्या खेपेला जमला. मग सुनीलकडं सांत्वनाला.
तिथं व्हिडिओ कॉल चालू. निकिताच्या मागं हॉल गच्च भरलेला. एका भाडेकरू बाईनं काल सकाळी मालकाचा बोर्ड उपटून हिचा लावला म्हणे. आता तिला घर सोडायला लागलं तर काय करायचं, यावर सगळ्यांची चर्चा. हरल्याचं कुणाच्या गावीच नाही.
मला पाहून निकिता म्हणाली, "काका, तुमच्याच फोनची वाट बघत होते. तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका."
मी "लोकशाहीत..." एवढंच म्हटलं.

६ नोव्हेंबर, सकाळी
अंघोळ करून बाहेर आलो तर रतन दारातच उभी. डोळे सुजलेले. काय झालं, विचारलं.
"कालपासनं तुमी गाणं गुणगुणताय."
म्हटलं, सवय आहे.
"चौतीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "मी तरी कधी ऐकलं न्हाई."