नियम : एकच माणूस

वरवट बकाल
गुरुवार

प्रिय कडू,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हे पत्र. दयारामकाका पुण्याला निघालेत. पत्र तुझ्या हातात दिल्याशिवाय परतू नका, असं त्यांना बजावलंय. आबा बरे आहेत, हे आधी सांगते. सूज उतरली, काल भाकरी खाल्ली आणि भाजीत मीठ कमी म्हणून आईवर डाफरलेसुद्धा. पण सोमवारी इंजेक्शन टोचल्यावर त्यांचा श्वास कसा अडकला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बेबीताई नर्स धावली, औषध दिलं, ऑक्सिजन लावला, म्हणून आज आपल्याला आजोबा आहेत. आणि दवाखान्याने घरी बसवलं ते तिलाच! आबांना पेनिसिलिन चालत नाही ही सूचना तिने वाचली नाही म्हणे. ती रडत मला म्हणाली, "कोकिळाताई, देवाशपथ सांगतो, मले स्क्रीनवर काहीच दिसलं नाही वं."

बियाणं वाटपासाठी तू आमच्या कृषी ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर तो नियम बांधलास, ते आठवतं? एकच गडी कधी गुलाब, कधी गुलाबराव होऊन दोनदा पिशव्या न्यायचा. तू नियमाला नाव दिलंस 'एकच माणूस'. राव, बाई, ताई गाळायचं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव जुळलं की माणूस एकच. जन्मतारीख बघायचीच नाही, कारण शाळामास्तरांच्या कृपेने अर्धं गाव एक जूनला जन्मलंय. किती हसलो होतो आपण! नियम एकदा लिहायचा, मग बियाणं, अनुदान, विमा, कुठल्याही कामात नुसतं नाव घेऊन बोलवायचा, असं तू ऐटीत सांगत होतास आणि मला तुझा खरंच अभिमान वाटत होता. पुढे दवाखान्याचं काम मिळालं, तेव्हा नवा न लिहिता तोच नियम तू तिथे जोडलास. अरे, आपल्या घरात नातवाला आजोबांचं नाव देतात. पणजोबा भगवान, आबा कडूबा, बाबा भगवानराव, तू पुन्हा कडूबा. तुझ्या आणि आबांच्या नावात फरक काय तो बापाच्या 'राव'चा, आणि तोच तू गाळलास. दिवाळीत तापासाठी तू तिथे कार्ड काढलंस, नियमाने तुम्हा दोघांचा एक माणूस केला, आणि तुझ्या 'ॲलर्जी नाही'खाली आबांची सूचना पुसली गेली.

मंगळवारी सकाळी आमच्या खिडकीवर गोंधळ उडाला. कालपर्यंत एक असलेली माणसं दोन दिसायला लागली. गोजरबाईंच्या आधारवर एक तारीख, दाखल्यावर दुसरी. त्यांचं हरभऱ्याचं बियाणं अडलं. "मी काय दोन बाया हाओ का वं?" म्हणून त्यांनी मला फैलावर घेतलं. मी नियम उघडला. सोमवारी संध्याकाळी त्यात जन्मतारखेची अट आली होती, आणि बदल करणाऱ्याच्या जागी तुझं नाव. नियम एकच, त्यामुळे दवाखान्यासाठी केलेली दुरुस्ती इकडेही पोचली. घाईत तुला भान राहिलं नाही. मंगळवारीच तू दवाखान्याला कळवलंस, "माझ्या कामात काही दोष नव्हता." व्यवस्थापकांनीच मला सांगितलं. म्हणजे तुला ठाऊक होतं, कडू. आजोबा मरणाच्या दारात, आणि तू घरी फोन केला नाहीस, नियम दुरुस्त केलास. मला तुझा इतका राग आलाय की अक्षर नीट येत नाही.

तू घाबरलायस, हातचं काम जाईल, कुणी पुन्हा विश्वास ठेवणार नाही, हे मला कळतं. आबांना मी काही सांगितलेलं नाही. ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "हे दवाखान्यातलं कॉम्प्युटरचं समदं आपल्या कडूनं बनवेल हाय." मी मान खाली घालून चहा करायला उठते. येत्या सोमवारी बेबीताईला कायमची काढायची की नाही, ते ठरणार आहे. मी तिथे जाणार आहे, आणि नियम कुणी बदलला, कधी बदलला, हे उघडून दाखवणार आहे. तुला आधी कळावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं. रविवारी ये. तू स्वतः बोललास, तर मी तुझ्या शेजारी बसेन. नाही आलास, तर बेबीताईच्या.

तुझीच,
कोकिळाताई