कल्याणचा मोकळा रस्ता

कल्याण, भाद्रपद वद्य ३, शके १८०६

चिरंजीव आनंद यास वडील विश्राम यांचे अनेक आशीर्वाद. उपरि, आम्ही येथे खुशाल आहो. अक्षर तुझ्या त्र्यंबककाकाचे आहे. डोळे फार पाणावतात, म्हणून हल्ली सांगतो मी आणि लिहितो तो. चुका सगळ्या त्याच्या.

तू आणि सुमती मला कायमचे मुंबईस बोलावता. माया कळते, पण तिथे मी करू काय? गेल्या खेपेस भाड्याच्या गाडीतून काळबादेवीवरून गेलो. मागून ट्रामची घंटा, पुढे हमालांची गर्दी, आणि आमचा गाडीवान निम्मी वाट भांडण्यातच गुंतलेला. येथे तुझी आई गेल्यापासून माझा जीव रमतो तो एका दमणीत. रोज संध्याकाळी पवळ्या बैलाला गाडीला जुंपतो, कासरा हातात घेतो आणि ठाकुर्लीच्या शेतापर्यंत जाऊन येतो. कोणी आडवे येत नाही, कोणाला ओरडून बाजूला करावे लागत नाही. असा रस्ता तुमच्या लाटसाहेबालाही मिळत नसेल. तेव्हा मला नेण्याचा नाद सोड.

सूनबाईस आशीर्वाद. म्हाताऱ्याचा राग न धरता पत्र पाठवीत जावे.

विश्राम


मुंबई, ता. २७ आक्टोबर १८८४

तीर्थस्वरूप त्र्यंबककाकांचे सेवेशी,
आनंदचे शि. सा. न. वि. वि. दिवाळी करून आम्ही सुखरूप पोचलो. हे पत्र नानांना वाचून दाखवू नका.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी नानांच्या शेजारी दमणीत बसलो होतो. काका, त्यांना काहीच दिसत नाही. मी त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला, पापणीसुद्धा लवली नाही. आणि तरी गाडी चालली होती! पवळ्याची घुंगरे ऐकू येताच भाजीवाल्या बाईने पाटी उचलली, खेळणारी पोरे भिंतीला चिकटून उभी राहिली. मिठागरावरच्या धाकूने तर मिठाने भरलेली गाडी मुकाट्याने बांधाखाली चिखलात उतरवली. नाना मला अभिमानाने म्हणाले की, बघ, आहे का असा रस्ता तुझ्या मुंबईत? मला हुंदका आवरेना. खोकला आल्याचे निमित्त केले.

तुम्ही मला हे कळवले नाही याचा मला फार राग आला आहे. उद्या एखादे मूल चाकाखाली आले तर? त्यांच्या हातचा कासरा काढून घ्या आणि त्यांना इकडे पाठवा. अधिक उणे लिहिले ते पोटात घालावे.

आपला,
आनंद


कल्याण, कार्तिक वद्य ५, शके १८०६

चि. आनंद यास त्र्यंबकचे आशीर्वाद. तुझा राग पोचला. टपालाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

वहिनी गेल्या त्या वर्षापासून दादांची नजर अधू होत गेली. ठाण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हाच मी गाडी बंद करणार होतो. पण गावात कोणी दवंडी पिटली नाही, कोणी कोणाला सांगितले नाही, आणि माणसे आपसूक बाजूला होऊ लागली. दादा मात्र घरी येऊन सांगत की रस्ता पूर्वीपेक्षा मोकळा झाला आहे. वहिनींनंतर त्यांच्या तोंडावर हसू दिसते ते तेवढ्याच वेळी.

तुझे म्हणणे खरे आहे. तुझे पत्र आल्यावर सांगायचे ठरवून गोठ्यात गेलो. दादा पवळ्याच्या पाठीवरून हात फिरवीत त्याच्याशी बोलत होते. तसाच परत आलो. माझ्याने होणार नाही रे. तू लेक आहेस, तूच येऊन सांग. काकावर रागव, पण त्याला टाकू नकोस.

त्र्यंबक


कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध ११, शके १८०६

चि. आनंद यास अनेक आशीर्वाद. लिहिणारा त्र्यंबक मध्येच थांबतो आहे, तेव्हा ओळी वाकड्या आल्या तर त्याला हसू नकोस.

परवा ठाकुर्लीच्या वाटेवर काहीतरी कोसळल्याचा आवाज आला आणि बैल हंबरला. असे कोण गाडी हाकते म्हणून मी खेकसलो. धाकू म्हणाला, काय नाय नाना, तुमी जा फुडं. पण त्याची म्हातारी आई आवडाबाई बरोबर होती. ती रडत बोलली की याला दिसं नाय म्हून आमी रोज खाली उतरताव, आज बैलाचा पाय मोडला. धाकू तिला गप्प करू लागला. मीच म्हटले, तिला बोलू दे. मग कोण कोण माझ्यासाठी बाजूला होते, ते सगळे तिने सांगितले. मी दमणीत बसून ऐकत राहिलो. मला फार लाज वाटली, आनंद. लोक एवढे सोसत होते, आणि मी आपला हाकण्याचा डौल मिरवीत होतो.

पवळ्या तिथेच सोडून धाकूला दिला. कोणीतरी त्र्यंबकला बोलावून आणले. घरी आलो तो त्याचा हात धरून. तेव्हापासून उंबरा ओलांडलेला नाही. गावचे लोक येतात आणि विनवतात की, नाना, दुसरा बैल घ्या, आम्ही आहोत ना. त्यांच्यापुढे हसतो. ते गेले की रडू येते.

मी मुंबईस येतो. आता मला कल्याण काय आणि मुंबई काय. तुझ्या मनासारखे झाले म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. सुमतीस सांग, म्हातारा फार जागा अडवणार नाही.

एवढे मात्र कर. न्यायला तू स्वतः ये, आणि मला स्टेशनापर्यंत मागच्या आळीने पायी ने. मोठ्या रस्त्याने नेऊ नकोस. तिथे लोक अजून माझ्यासाठी बाजूला होतील.

तुझा बाप,
विश्राम