धोंड्याचं वाण

हिंगोली, २१ मे २०२६

ती. आईस,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

घरचा फोन मल्हारीदादाच्या खिशात असतो, म्हणून पत्र. राणीचं पोटाचं ऑपरेशन झालं, आता हिंडते-फिरते. दवाखान्यात मी सही करायला गेले, तर विचारलं की मी तिची कोण. नऊ वर्षं एका चुलीवर जेवतो म्हटलं, तर म्हणाले चूल चालत नाही, रक्ताचं माणूस आणा. मग हट्ट्याहून तिचा चुलतभाऊ रत्नपाल येईपर्यंत ती कळवळत पडली. त्याला तिचं वयही सांगता येईना. सही मात्र त्याचीच चालली. असा हा शहाणा कायदा! आमचं एकत्र राहणं आता गुन्हा नाही म्हणे. म्हणजे राहा, पण एकमेकींच्या कुणी लागू नका. केवढे उपकार!

आम्हाला एकमेकींचं माणूस मानावं, असा अर्ज आम्ही दोघींनी कोर्टात करायचं ठरवलंय. वकील म्हणतात, आमचा संसार घरचे मानतात असं घरातल्या एकानं तरी शपथेवर सांगितलं, तर अर्जाला बळ येईल. राणीचे वडील जयंतीला समतेवर तासभर बोलतात. हे ऐकून त्यांची दातखीळ बसली. आता तूच उरलीस. दहा जूनला येशील?

राणीचा जय भीम. माया पातळ करू नकोस.
तुझी सुकन्या

शिरड शहापूर, २८ मे

चि. सुकन्यास,
अ. आ.

पत्र आधी मल्हारीनं वाचलं अन् डोकं धरून बसला. लोक काय म्हणतील म्हणे. मेंढरं चुकली तव्हा हे लोक हुडकायला आले न्हाईत, त्यांचं मी काहून ऐकू?

धोंड्याचा महिना चालू आहे. मी अनारशाचं पीठ केलं, तर रूपाबाई नाक खुपसायला आली. घरात जावई न्हाई, मग वाण कुणाला, असं विचारत होती. मी सांगितलं, हिंगोलीला आहे माझी राणी, ऑपरेशन झालं म्हणून वाण मीच घेऊन जाणार. बाई तशीच उठून शेजारणीकडं पळाली. सांजेपर्यंत गावभर झालं. दवंडीचा खर्च वाचला. कोर्टातल्या साहेबापुढंही हेच सांगीन. जावई म्हणायचं की सून, ते तुमी दोघी ठरवा.

दहाला येते. मल्हारी म्हणतो, असलं नातं कायद्यात बसत न्हाई, कोर्टात गेलीस तर या घरात पाय ठेवू नको. मेल्याला कायद्याचा लई पुळका! घर कायद्यानं माझ्या नावावर आहे. त्याला म्हटलं, अंथरूण तूच बांध.

राणीला जपून जेवू घाल. दोघींना पोटभर आशीर्वाद.
तुझी आई भागाबाई