पडद्याची जनानी बाजू

१० फेब्रुवारी १९७४, जवळा बाजार

त्या सकाळी मी अंगण झाडलं, सडा टाकला, चूल पेटवून भाकरी टाकली. हे दाराशी पाठमोरे उभे होते, डाव्या हातात कुदळ. येतो म्हणाले. मी भाकरी उलटता उलटता व्हय म्हटलं. विहिरीचा गाळ काढायला गेले अन् दरड कोसळली. लोकांनी मला तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. चार वर्षं झाली. फोटो एकही नाही. हल्ली त्यांचं तोंड नीट आठवत नाही, याचीच धास्ती वाटते.

असो. आज चांगलं लिहायचं. काम मिळालं! मोहियोद्दीनसेठचा सिनेमाचा तंबू बाजारतळावर लागला आहे, दहा दिवसांसाठी. मधोमध पांढरा पडदा, पुढं पुरुष, मागं बाया. चित्र मागच्या बाजूला उमटावं म्हणून खेळाआधी पडदा भिजवायचा आणि बायांची बाजू सांभाळायची, हे माझं काम. दुकानांच्या पाट्या बघत मी वाचायला शिकले. इथं मागून सगळी अक्षरं उलटी दिसतात. फार गंमत वाटली.

१२ फेब्रुवारी

खुनाचा खेळ आहे. मोठ्या घरात एकटी बाई, आणि तिच्या दाराकडे कंदील घेऊन चालत जाणारा एक पाठमोरा माणूस. एक खांदा उतरलेला, कंदील डाव्या हातात. हे असेच चालायचे. माझ्या हातातला तांब्या पडला. मिरच्या विकणारी केशरबाई रोज खेळाला येते. ती म्हणाली, काहून वं, तुझा मालक दिसला का? सगळ्या हसल्या. मीही हसले.

१४ फेब्रुवारी

आज मुद्दाम पुरुषांच्या बाजूनं पाहिलं. कंदील उजव्या हातात. कुणीतरी परका माणूस. पुन्हा मागं आले तर हेच.

मशीन चालवणाऱ्या बद्रुद्दीनभाईंना विचारलं, हा तोंड कधी दाखवतो? ते म्हणाले, पुऱ्या पिक्चरमंदी दाखवतच न्हाई बाई, त्याच्यावरच तर खेळ चालून राहिला. केशरबाईचं वेगळंच. म्हणे बाप्ये सुलटं बघतेत, आपण उलटं, जलमभर असंच हाय.

पडद्यावर दोन बादल्या पाणी जास्त मारलं.

१६ फेब्रुवारी

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही. ते जिवंत असताना नाही, नंतरही नाही. आज बायांच्या गलक्यात हळूच घेतलं. सोनाजी.

तो थांबला. कंदील हलत राहिला, पाय थांबले. बद्रुद्दीनभाई म्हणतात, रीळ कुठंच अडकलं न्हाई. बायांपैकी कुणालाच काही दिसलं नाही.

१७ फेब्रुवारी

पुन्हा नाव घेतलं. मान वळली — कान दिसला, गालाचं हाड. यांचाच कान. अजून एकदा घेतलं तर —

भीती वाटते. पण तोंड मिळेल.

१८ फेब्रुवारी

केशरबाईनं दंड धरला, कुणाला हाक मारून राहिलीस म्हणाली. तिचा हात गार पडला होता.

वळला. पूर्ण.

तोंडाच्या जागी नुसतं ओलं कापड — डोळे नाहीत, नाक नाही — तरी माझ्याकडेच —

घरी येऊन डोळे मिटले. जे थोडं उरलं होतं, हसताना दिसणारा तो तुटका दात, हनुवटीवरचा व्रण — काही नाही. कापड. यांचं तोंड त्यानं घेतलं. आता ते त्या पडद्यातच आहे.

१९ फेब्रुवारी

तंबू उठला. सेठ म्हणाले, आता तकलीफ न्हाई बाई, आराम करा. मी म्हटलं, मी येते पुढच्या गावाला. केशरबाई रस्त्यापर्यंत मागं मागं आली, नको जाऊ म्हणत. पडदा सकाळपासून उन्हात वाळत घातला होता. मी त्याची घडी घातली, मांडीवर घेतली आणि ट्रकमध्ये बसले.

वारंगा फाटा मागं पडला. घडी अजून ओलीच आहे. आतून कोमट — आणि तळहाताला हनुवटीसारखं काहीतरी —