रुमालाखालचा भाव

१० जानेवारी १९८३

ज्वारी क्विंटलला पावणेदोनशे. आजही! दसऱ्यापासून गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, फळ्यावर हाच आकडा खडूने लिहिलाय. पाऊस गेला, विहिरी गेल्या, कडब्याची पेंढी डोळ्यांना दिसेना, आणि ज्वारी मात्र जागची हलत नाही. एम.ए.ला एवढी अर्थशास्त्राची पुस्तकं वाचली, त्यात दुष्काळात न हलणारा भाव कुठे भेटला नव्हता. तो आमच्या लातूरला भेटला. जिल्हा नवा, फळा जुना.

सोहनी सरांच्या पुण्याच्या संस्थेने मला या नव्या जिल्ह्यातले भाव आणि मजुरी गोळा करायला नेमलंय. नियम असा की भाव विकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचा. गिऱ्हाइकाचं सांगणं चालत नाही, कारण म्हणे ते वाढवून सांगतं. आणि विकणारा काय गंगेत न्हालेला असतो?

माझे वडील, अप्पा, गंजातले जुने अडते. त्यांनाच विचारलं. म्हणाले, "फळा वाच की. शिकलीस कशाला मग?"

१२ जानेवारी

रेणापूरच्या रस्त्याला पाझर तलावाचं काम चालू आहे, रोजगार हमीचं. जेवणाच्या सुट्टीत बायांमध्ये जाऊन बसले. गुणाबाई त्यांची पुढारी, आवाज खणखणीत. मजुरीचं विचारलं तर म्हणाली, "रोज हाय तेवढाच हाय. ज्वारी मातर निम्मी येऊन राहिली."

मी म्हटलं, फळ्यावर तर भाव तोच आहे.

"फळा काय भाजून खायाचा हाय का? त्या भावानं मागितली की मुनीम म्हनतो माल न्हाई. मागल्या दारानं गेलं की माल हाय. भाव दुसरा."

कुणाच्या दुकानात, म्हणून विचारलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. गुणाबाई तेवढी हसली. "बाई, तुमच्याच की."

मान वर करवेना. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. त्यांनीच मला अर्धी भाकरी दिली, आणि मी ती खाल्लीसुद्धा.

१३ जानेवारी

रुमाल मी लहानपणापासून बघत आलेय. अप्पा आणि समोरचा व्यापारी हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. तोंडाने दोघं पावसापाण्याचं बोलत असतात. पुढे फळा आला, जाहीर बोली आली, तरी खरा सौदा आतच होतो. अप्पांचा रुमाल रात्री झोपतानाच काय तो खांद्यावरून उतरतो. गळ्यात इष्टलिंग आणि खांद्यावर रुमाल, या दोन्हीशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत.

आज सरळच विचारलं, आतला भाव काय?

"रुमालाखालचं तोंडावर येत न्हाई," अप्पा म्हणाले. "माझ्या बापाच्या आलं न्हाई, माझ्या बी येणार न्हाई. ज्याच्या आलं त्याचा हात गंजात कुणी धरत न्हाई पुन्हा. आन् जिल्हा नवा हाय, साहेबलोक रोज फळा बघून राहिलेत. फळा हलला की गोदामावर धाड."

आणि त्या बायांचं काय?

"त्यांला सरकारची हमी हाय की!"

मी ताटावरून उठले.

१७ जानेवारी

सोहनी सर जीप घेऊन आले. फळा पाहून खूश! त्यांचं म्हणणं, बँकांनी धान्याच्या साठ्यावर कर्ज देणं आवळलं, व्यापाऱ्याकडे पैसा उरला नाही, म्हणून साठा बाजारात आला आणि भाव थांबला. "नीलम्माबाई, पतधोरण गावपातळीवर कसं काम करतं याचा हा नमुना आहे." महिनाअखेरीला त्यांचा अहवाल मजुरी ठरवणाऱ्या समितीकडे जाणार. एक वाक्य मला वाचून दाखवलं: भाव स्थिर, सबब मजुरीचा दर वाढवण्याचं कारण दिसत नाही.

मी म्हटलं, सर, साठा बाजारात आलेला नाही. बँक नाही तर काय झालं, हे लोक एकमेकांना पैसा फिरवतात. भाव थांबलेला नाही, लपलाय.

त्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "एक विकणारा आणा. एकच. त्याने स्वतः सांगितलं तर मी ते वाक्य खोडेन."

दुपारी आमच्याकडे जेवले. चार भाकरी खाल्ल्या, खाऱ्या शेंगदाण्याच्या चटणीवर. हसत अप्पांना विचारलं, "ही ज्वारी काय भावाची, गुंडप्पाजी?"

"घरची हाय," अप्पा म्हणाले.

१८ जानेवारी

ओळीतली सगळी दुकानं फिरले. शेजारच्या दुकानातल्या शंकरप्पाकाकांनी चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला. "लेक आमची, भाव बी आमचाच. फळा बघ, बाळ."

२० जानेवारी

संध्याकाळी पूजा झाल्यावर अप्पांनी आत बोलावलं. समोर बसवलं. माझा उजवा हात हातात घेतला आणि खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकला.

या रुमालाखाली आमच्या घरातल्या बाईचा हात कधी गेला नसेल. त्यांची बोटं खरखरीत, गरम. आधी शेकडा, मग दहाचा आकडा. एकदा मी चुकले, मान हलवली, त्यांनी पुन्हा दाबून सांगितलं. आणि कळलं! गुणाबाई एका पैशानेही वाढवून बोलली नव्हती.

केवढा आनंद झाला. वाटलं, अप्पा माझ्या बाजूचे झाले. तोवर त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "कळलं न्हवं? आता तू बी बांधली गेलीस."

म्हणजे सांगण्यासाठी नव्हतंच ते. तोंड शिवण्यासाठी होतं! पन्नास वर्षं सौदे केलेला माणूस, पोटच्या पोरीशीही सौदाच केला. तो आकडा मी इथेसुद्धा लिहीत नाहीये, एवढी मी त्यांचीच मुलगी. पण हरले नाही, अप्पा.

२१ जानेवारी

माहीत नव्हतं तेच बरं होतं.

२२ जानेवारी

रात्रभर विचार केला आणि सकाळी हसू आलं. भाव सांगायचा नाही, कबूल. पण ज्वारी विकत घ्यायची नाही असं कुठे ठरलंय?

पिशवी घेऊन अप्पांच्या दुकानासमोर, फळ्याखाली जाऊन उभी राहिले. मुनीम रामकिशन धावत आला. "अक्का, घरी पोतं धाडतो की."

"घरची नको. गिऱ्हाईक आहे मी. फळ्याच्या भावाने पाच किलो द्या."

त्याच्या मागे आढ्यापर्यंत थप्पी लागलेली. तो जमिनीकडे बघून म्हणाला, "माल न्हाई."

मग मी माल येईपर्यंत थांबते म्हटलं. दुकान बंद होईपर्यंत उभी होते. पाय भरून आले. उद्या परत.

२४ जानेवारी

कामाला सुट्टी होती. गुणाबाई सात-आठ बायांना घेऊन आली आणि माझ्या मागे पिशव्या घेऊन उभी राहिली. सगळा गंज बघायला लोटला. शंकरप्पाकाका अप्पांना ऐकू जाईल असं बोलले, "असली लेक सून म्हनून कोन करून घेईल?"

गुणाबाई म्हणाली, "त्येचा बी भाव फळ्यावर लिवा की, काका!" हमालसुद्धा हसले. अप्पा गादीवर बसून होते. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

२५ जानेवारी

रात्री ताटात भाकरी नाही. नुसती आमटी. अप्पांनी अव्वाकडे पाहिलं.

माझी आई शिवम्मा, उभ्या जन्मात नवऱ्यासमोर मोठ्याने बोलली नाही. आज पदर सावरत म्हणाली, "फळ्याच्या भावात मिळंल ती ज्वारी रांधीन म्हनलं. मिळाली न्हाई."

अप्पा आमटी पिऊन झोपले. मी आणि अव्वा चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसलो. मग ती रडली. "त्यांची उपासमार करून राहिले मी," म्हणाली. पण पीठ काही काढलं नाही.

२६ जानेवारी

नव्या कचेरीवर झेंडा. अप्पा पुढच्या रांगेत होते. भाषणात सांगितलं गेलं, दुष्काळातही आपल्या जिल्ह्यात धान्याचे भाव स्थिर आहेत. टाळ्या झाल्या. रामकिशन सांगत होता, मालकांनी टाळी वाजवली नाही.

२७ जानेवारी

भगर. अप्पा म्हणाले, "शिवरात्र लागली का घरात?" अव्वा म्हणाली, "फळ्याला इचारा."

२९ जानेवारी

शेवटचं बोलून घेतलं. म्हटलं, अप्पा, कष्टाचं काम हीच पूजा असं तुम्हीच शिकवलंत मला. कायक म्हणता ना त्याला? मग कायकावर पडदा कशाला घालता? पूजा कोणी रुमालाखाली करतं का?

अप्पा अंथरूण घालू लागले. मग मी सांगूनच टाकलं:

परवा मी अहवालाचे कागद सरांना देणार. ज्वारीचा रकाना कोरा ठेवणार. कारण लिहिणार: विकणारे आहेत, सांगणारा एकही नाही, आणि त्यातले एक माझे वडील. नोकरी गेली तर जाऊ दे. खोटा आकडा माझ्या हाताने जाणार नाही.

"लिही," अप्पा म्हणाले. एवढंच. पाठ फिरवून पडून राहिले, पण झोप लागली नव्हती त्यांना. मला आवाजावरून कळतं.

३१ जानेवारी

सकाळी अप्पा दुकानाला निघाले, आणि रुमाल खुंटीवरच! मी तो घेऊन मागे पळाले. "अप्पा, रुमाल राहिला."

थांबले, पण घेतला नाही. "ऱ्हाऊ दे. आज भाव तोंडानं सांगायचा हाय. तुझा कागद घिऊन ये."

कोपऱ्यावर शंकरप्पाकाका उभे होते. अप्पांनी रोजच्यासारखा हात पुढे केला. काकांनी त्यांच्या मोकळ्या खांद्याकडे पाहिलं आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले.

अप्पांचा हात तसाच राहिला. मग मी तो धरला, आणि आम्ही गंजात गेलो.