डोहाला पाणी किती

ताडकळस,
मे १९७३

प्रिय व्यंकट,

माझा जय भीम आणि तुझा रामराम, दोन्ही एकदमच पोचते करतो. तुझं कार्ड मिळालं. बदली होऊन अंबाजोगाईला गेलास त्याला आता किती दिवस झाले, पण प्रत्येक कार्डावर तुझे प्रश्न तेच. डोहाला पाणी किती, वारा कुठला, मासा लागतो का. आमचा पोस्टमन कार्ड वाचूनच देतो. परवा म्हणाला, "गुर्जी, हितं लोकं रेशनची लाल मिलो ज्वारी खायलेत आन् तुमचे दोस्त मरळ लागती का इचारायलेत." मी त्याला हसू दिलं. तू हे का विचारतोस ते मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही कळतं. आपण दोघं त्याबद्दल बोलत नाही, एवढंच.

तर पाण्याचं ऐक. सलग दोन पावसाळे कोरडे गेले. गोदावरी म्हणायची ती नुसती वाळू उरली आहे, आणि आपला डोह तेवढा डबक्यासारखा राहिला होता. महिन्यापूर्वी एका रविवारी गळ घेऊन बसलो. पीठ लावायच्या आधीच उघड्या गळाला मासा लागला. मग दुसरा. त्यांच्या अंगात झटका द्यायचंही बळ नव्हतं. व्यंकट, मासा लागल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. गळ गुंडाळून घरी आलो, तो अजून आढ्याला तसाच खोचलेला आहे. आता दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं संध्याकाळी टोपल्या घेऊन येतात आणि हातांनीच मासे काढतात. कामावर वाटतात त्या सुकडीवर पोट भरत नाही, त्यांना काय बोलणार? आपला नावाडी आश्रुबाही तिथंच खडी फोडतो. होडी गेली आणि त्यावर हा दुष्काळ, म्हणजे त्याला तर दुष्काळात तेरावा महिना.

वाळूवर बसलं की आपले रविवार आठवतात. डोहाच्या मधोमध तू पूर्णा स्टेशनाकडून आणलेला रुळाचा तुकडा रोवला होतास. त्याला शनिवारीच पेंडीची पिशवी बांधून ठेवायची, म्हणजे रविवारपर्यंत मासा तिथं गोळा होतो. मग आश्रुबाची होडी त्याच रुळाला बांधायची, तीही अगदी आखूड, म्हणजे वाऱ्यानं फिरत नाही आणि गळाच्या दोऱ्या गुंतत नाहीत. नांदेडहून नायलॉनची दोरी आणलीस तेव्हा गावभर दाखवत फिरला होतास, बैल ओढला तरी तुटत नाही म्हणून! होडीत आपण एकाच डब्यात जेवायचो. तुमच्या भावकीतल्या दिनकररावांनी तुला चारचौघांत हटकलं, तर तू म्हणालास, "मासा इचारतो का, गळ कुन्या वाड्यातल्याचा हाय?" त्या दिवसापासून तू मला भावापेक्षा जवळचा झालास. हे तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आणि दुष्काळाआधीच्या पावसाळ्यातला तो शनिवार. तुझा भगवान कॉलेजातून सुट्टीवर आला होता. "बाबा, पेंड मी बांधून येतो," म्हणून हसत होडी घेऊन गेला. इथं पावसाचा थेंब नव्हता, आभाळ स्वच्छ होतं. पाऊस वर कुठंतरी झाला होता आणि पाणी एकदम आलं. आपण काठाकाठानं नांदेडपर्यंत गेलो, गावोगाव विचारलं. पोरगा नाही, होडीही नाही. कमलवहिनींनी त्या होडीलाच धरून ठेवलं. "होडी घावली न्हाई म्हंजी माजं लेकरू होडीत हाय. लागलं आसंल कुठंतरी काठाला." तेव्हापासून दर पौर्णिमेला त्या नांदेडच्या घाटावर जातात. तू त्यांना कधी हो म्हणाला नाहीस, नाहीही म्हणाला नाहीस. आईच्या तोंडावर कोणत्या तोंडानं बोलायचं?

गेल्या आठवड्यात रुळाचं टोक उघडं पडलं. मग रोज थोडा थोडा रूळ वर येत गेला. काल सकाळी त्याच्याभोवती तुझी नायलॉनची दोरी दिसली, निळी, जशीच्या तशी. मी आश्रुबाला कामावरून बोलावून आणलं. आम्ही दोघं चिखलात उतरलो. होडी तिथंच आहे, व्यंकट. आपण शिकवली तशीच आखूड बांधलेली. पाणी वाढत गेलं आणि दोरी वाढली नाही. साधा काथ्या असता तर तुटला असता. आपण नांदेडपर्यंत पाणी धुंडाळलं आणि त्यानंतर मी त्याच काठावर गळ टाकून बसत होतो. होडीखाली तो आहे. कमरेचा चांदीचा करगोटा मी ओळखला. आश्रुबा तर पोरासारखा रडला.

तू दोरीला आणि स्वतःला दोष देशील. देऊ नकोस असं सांगायचं धाडस माझ्यात नाही. मीही तशीच बांधायचो. पोलीस पाटलांना कळवलं आहे, पण तू येईपर्यंत काही हलवायचं नाही असं मी हात जोडून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. वर ओली पोती टाकली आहेत आणि कुत्री येऊ नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलंय. आश्रुबा आणि मी आळीपाळीनं बसतो. अंबाजोगाईला निघालेल्या माणसाच्या हाती हे पत्र देतोय. मिळेल त्या गाडीनं ये, वहिनींना घेऊन ये. वाटेत त्यांना सगळं सांगत बसू नकोस. होडी सापडली, एवढंच सांग. बाकीचं त्यांना कळेल.

तुझाच,
तात्या